आधी माणूस आणा

शपथ द्यायच्या आधी ते कोट घालायचे. मे महिना असो, वीज गेलेली असो, समोरचा माणूस बस चुकेल म्हणून कळवळून सांगत असो. खुर्चीमागच्या खिळ्यावरचा काळा कोट काढायचा, सगळी बटणं लावायची, उभं राहायचं आणि समोरच्यालाही उभं करायचं. शपथ झाली की कोट परत खिळ्यावर. दिवसातून दहा-पंधरा वेळा हे चालायचं. शेजारच्या गाळ्यातले टायपिस्ट म्हणायचे, "तुमचे वकीलसाहेब थकत नाहीत, कोट थकेल."

सिल्वासात सरकारी कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत त्यांचा नोटरीचा गाळा होता आणि मी त्यांची टायपिस्ट. आठ वर्षं होते. आम्ही मूळचे शहाद्याकडचे. नवरा खडोलीच्या धाग्याच्या कंपनीत लागला, नरोलीत खोली घेतली, आणि मी गावाकडे शिकलेल्या टायपिंगच्या जोरावर या गल्लीत काम विचारत फिरले. बाकीच्यांनी स्पीड विचारला. यांनी एक छापील प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं आणि म्हणाले, "हे वाच आणि मला सांग, हा माणूस नेमकं काय म्हणतोय."

मी सांगितलं. एका बाईची दहावीची गुणपत्रिका हरवली होती, तेवढंच.

"हरवली की पुरात वाहून गेली?"

मी पुन्हा वाचलं. वाहून गेली होती.

"उद्यापासून ये," ते म्हणाले. "पण घाईने वाचू नकोस."

ते कोकणातले. वडील शाळामास्तर म्हणून इकडे बदलून आले आणि इथलेच झाले. त्यामुळे यांना मराठी, गुजराती, हिंदी तर यायचीच, वारली बोलणाऱ्या म्हाताऱ्यांशीही ते त्यांच्या बोलीत बोलायचे. मला 'बाय' म्हणायचे. मी त्यांना सर म्हणायचे. गिऱ्हाईक कोणीही असो, कंपनीचा मॅनेजर की हमाल, त्याला 'तुम्ही'च.

गाळ्याच्या दारात त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती. डावीकडे 'याला नोटरी लागते' आणि उजवीकडे 'याला लागत नाही'. उजवीकडची यादी लांब होती. लोक पाटी वाचायचे आणि अर्धे परत जायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना ते सांगायचे. "कोर्टात द्यायचंय? लागेल. मुखत्यारपत्र? लागेल. दोन कागदांवर दोन नावं आहेत? लागेल. दाखल्याच्या अर्जाबरोबर द्यायचंय? मग साध्या कागदावर स्वतः लिहा, खाली सही करा. स्वयंघोषणा म्हणतात त्याला, सरकारला चालते. माझ्याकडे कशाला आलात?"

"पण साहेब, तिथल्या क्लार्कने सांगितलं नोटरी पाहिजे."

"त्याला सांगा, कुठल्या नियमात आहे ते लिहून दे. मग या."

लोक परत येत नसत. क्लार्कही लिहून देत नसे. म्हणजे काम व्हायचं.

त्यांचा एक हट्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होता. सही करणारा माणूस समोर हवा. नवऱ्याच्या जागी बायको चालणार नाही, मुलाच्या जागी बाप चालणार नाही, आणि आधीच सही केलेला कागद तर मुळीच नाही. कोणी असा कागद आणला की ते त्याला हातसुद्धा लावायचे नाहीत. "आधी माणूस आणा," म्हणायचे. "मी कागदावर शिक्का मारत नाही, माणसावर मारतो." हेच एकदा ते एका उत्तरेकडच्या पोराला हिंदीत म्हणाले, "मैं आदमी पे मारता हूँ," तर तो दोन पावलं मागे सरकून म्हणाला, "साहब, मैंने क्या किया?"

माणूस समोर आला तरी सुटका नव्हती. पूर्ण मजकूर ते मोठ्याने वाचायचे, तोही त्या माणसाच्या भाषेत करून. मग त्याला म्हणायचे, "आता तुम्ही सांगा, काय लिहिलंय." एक शिक्षक आले होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरं, आणि 'दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच' असं त्यांना लिहून द्यायचं होतं. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि आज दोघांपैकी कोण आलंय?" शिक्षकांना राग आला. पण वाचताना त्यांच्याच लक्षात आलं की नावाचं स्पेलिंग तिसऱ्याच प्रकारे टाईप झालंय. ती चूक माझी होती. मी मान खाली घालून पुन्हा टाईप केलं.

ते नेहमीच बरोबर होते असं मी म्हणणार नाही. अथालचा एक माणूस घाईघाईने आला होता. वडील दवाखान्यात, मुखत्यारपत्रावर त्यांचा अंगठा आणलेला. सरांनी नाही म्हटलं, पण गाळा बंद करून स्वतः त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले. दोन तास खाटेजवळ बसले. म्हाताऱ्याचे डोळे उघडे होते, पण विचारलेलं त्याला कळतंय की नाही, ते यांना कळेना. शिक्का न मारताच परत आले. चार दिवसांनी म्हातारा गेला. मुलगा गाळ्यासमोर उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलून गेला. सर ऐकत राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "तो खोटं बोलत नव्हता, बाय. त्याचं खरंच नुकसान झालं." त्यापलीकडे काही नाही. त्यांनी बरोबर केलं का, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

खडोलीची गोष्ट मात्र मी आजही कोणालाही बेधडक सांगते.

एका कंपनीला माणसं पुरवणारा ठेकेदार एक दिवस प्लास्टिकच्या पिशवीत बत्तीस प्रतिज्ञापत्रं घेऊन आला. सगळ्यांवर सह्या आणि अंगठे आधीच झालेले.

"साहेब, खाली सिक्को मारवानो छे," तो म्हणाला. म्हणजे नुसता शिक्का मारायचा.

"माणसं कुठे आहेत?"

"ड्युटीवर."

"ड्युटी संपल्यावर आणा."

"बत्तीस माणसं इकडे कशी आणू? बाकीचे नोटरी असं विचारत नाहीत."

"मग माझ्याकडे का आलात?"

ठेकेदाराने पिशवी खाली ठेवली. मग खरं बोलला. कंपनीच्या साहेबांनी सांगितलं होतं की शिक्का याच नोटरीचा पाहिजे, यांच्या कागदावर पुढे कोणी शंका घेत नाही. सर खुश होतील असं त्याला वाटलं असावं. त्यांनी दारातल्या पुढच्या माणसाला हाक मारली. शेवटी ठेकेदार चिडून म्हणाला, "एवढंच असेल तर तुम्ही या गेटवर. तीनला पाळी सुटते."

"येतो," सर म्हणाले.

तो चेष्टा करत होता. हे करत नव्हते. अडीच वाजता त्यांनी कोट स्कूटरच्या डिकीत ठेवला, शिक्का रुमालात बांधून खिशात घातला आणि रजिस्टर माझ्या हातात दिलं. मी मागे बसले. माझा नवरा त्याच भागात कामाला, त्यामुळे मी पदर डोक्यावरून ओढून घेतला. कोणी ओळखलं तर? पण सरांना 'मी येत नाही' म्हणायचं धाडस त्याहून मोठं होतं.

गेटबाहेर चहाच्या टपरीजवळ त्यांनी बाक ओढला, कोट घातला, बटणं लावली. ठेकेदार तिथेच होता. त्याला विश्वासच बसेना. पण बोलावणं त्याचंच, आणि समोर वॉचमन, चहावाला, सुटलेले कामगार, सगळे बघत होते. त्याने पिशवी दिली. सरांनी वरच्या कागदावरचं नाव पुकारलं. धुळ्याकडचा एक चाळिशीतला माणूस पुढे आला.

"ही सही तुमची?"

"हो साहेब."

"मी वाचतो. ऐका."

सरांनी वाचायला सुरुवात केली. हिंदीत, मग मराठीत. मी अमुक अमुक, स्वखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो की मी आजपासून काम सोडत आहे, माझी कंपनीविरुद्ध किंवा ठेकेदाराविरुद्ध काहीही तक्रार नाही आणि पुढेही राहणार नाही.

तो माणूस ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "साहेब, आम्हाले तर नवा गेटपासना फॉर्म सांगेल व्हता."

मागचे कामगार पुढे सरकले. मग कोणीतरी आपल्या शेजाऱ्याला तेच गुजरातीत सांगितलं, कोणीतरी भोजपुरीत. सर त्या गडबडीतही त्याच आवाजात बोलत होते. "तुम्हाला काम सोडायचंय का?"

"नही."

"मग ही शपथ मी तुम्हाला देऊ शकत नाही." कागद त्यांनी त्याच्याच हातात दिला. "सही तुमची आहे. तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

त्याने कागद फाडला. चार तुकडे केले आणि ते खिशात ठेवले, रस्त्यावर टाकले नाहीत.

सरांनी दुसरं नाव पुकारलं. ठेकेदार म्हणाला, "बस झालं साहेब." सर म्हणाले, "बत्तीस आहेत ना? अजून एकतीस माणसं वाट बघतायत." आणि त्यांनी बत्तीसच्या बत्तीस नावं पुकारली, प्रत्येकाला पूर्ण मजकूर वाचून दाखवला, शब्द तेच असूनही. दोघेजण म्हणाले की आम्हाला खरंच गावी जायचंय. त्या दोघांना उभं करून शपथ दिली, रजिस्टरवर सही घेतली, शिक्का मारला. बाकी तीस कागद ज्याचे त्याच्याकडे गेले. रजिस्टर धरून उभं राहून माझे हात भरून आले होते. ऊन उतरलं होतं. चहावाल्याने आम्हाला चहा दिला, तेव्हा सरांनी कोट काढला.

पुढे ते कामगार एकत्र जाऊन कामगार अधिकाऱ्याला भेटले. बहुतेकांचं काम टिकलं, सात-आठ जणांना दोन-तीन महिन्यांनी वेगळ्या निमित्ताने काढलंच. आमच्या गाळ्यावर मात्र ठेकेदार लोक फिरकेनासे झाले. मला काळजी वाटली. सर म्हणाले, "बरं झालं. गर्दी होती तेव्हा नीट वाचता येत नव्हतं."

माझा स्वतःचा कागद आला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात.

वडील वारून वर्ष झालं होतं. भावाने गावाहून हक्कसोडपत्र पाठवलं. फोनवर म्हणाला, "ताई, तू तर नोटरीकडेच बसतेस. तेवढं करून पाठव." वडिलांच्या शेतात आई, भाऊ आणि मी, तिघांची नावं लागली होती, आणि मला माझं नाव काढून द्यायचं होतं. माझ्या मनात काही नव्हतं. माझ्या आत्यांनी दिलं, चुलतबहिणींनी दिलं, मीही देणार. सकाळी गर्दी नव्हती तेव्हा मी तो कागद सरांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी वाचला आणि उठून कोट घातला.

"सर, माझंच तर आहे. कोट कशाला?"

"तुझं आहे म्हणूनच." मग म्हणाले, "आधी एक सांगतो. जमिनीतला हक्क सोडायचा तर नोंदणी कार्यालयात नोंदवावं लागतं. नोटरीने होत नाही. माझा शिक्का असला तरी हा कागद कच्चाच. तुझ्या भावाला हे माहीत नसेल, किंवा असेल. पण तुला शपथ घ्यायचीच असेल तर मी देईन. वाच."

मी उभी राहून वाचायला लागले. नाव, वय, धंदा. वर्णन, गट नंबर. मग आलं, 'स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय'. हे शब्द मी रोज टाईप करत होते. बोटं आपोआप जायची. तोंडाने मात्र पुढे जाता येईना.

सर थांबले. घड्याळाकडे बघितलं नाही, खोकले नाहीत, मदतही केली नाही.

मीच बोलायला लागले. आई भावाकडे राहते. वडिलांच्या आजारपणात त्यानेच धावपळ केली. मी नाही म्हटलं तर तो बोलणार नाही, वहिनी दारात उभं करणार नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला माहेर राहणार नाही.

"हे सगळं खरं असेल," सर म्हणाले. "मग तसंच टाईप कर. 'भाऊ बोलणार नाही म्हणून मी हक्क सोडते.' मी शपथ देतो."

मी कॉम्प्युटरपुढे बसले. खरंच बसले. पहिले दोन शब्द टाईपही केले. मग पुसले आणि कागद पिशवीत घातला. सरांनी कोट काढून खिळ्याला लावला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दोन दिवसांची सुट्टी घेऊन मी गावी गेले. भाऊ ओट्यावर बसला होता. मी कागद त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "यावर मी सही करणार नाही."

"तुला कोणी शिकवलं हे?"

"टाईप करता करता शिकले."

"आईला मी सांभाळतो, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही आणि बोलणारही नाही. पण हे तू मला विचारायला हवं होतंस. नुसतं पाठवायला नको होतंस."

आई चुलीजवळून उठून दारात आली. म्हणाली, "मना बी आंगठा लिन्हा त्यानी. काय लिखेल शे तठे?"

भावाने ट्रंकेकडे बोट दाखवलं. माझ्यासारखाच कागद आईचाही होता, ट्रंकेत ठेवलेला. मी तो काढला आणि मोठ्याने वाचला. मग आमच्या बोलीत सांगितला. आईने पूर्ण ऐकून घेतलं. तिला एवढंच कळायला वेळ लागला की त्या शेतात तिचंही नाव आहे. पन्नास वर्षं तिथे निंदलं-खुरपलं, पण ते आपलं असू शकतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती भावाला रागावली नाही. "मना नाव ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा चुलीजवळ गेली.

पुढच्या दिवाळीला भावाचा फोन आला नाही. मी केला, तर वहिनीने उचलला आणि ठेवला. मला फार लागलं. पण खेद झाला नाही. मग हळूहळू काहीतरी बदललं, कदाचित आईनेच बदललं असेल. कचेरीत जाऊन रीतसर वाटणी झाली. माझा तुकडा भावानेच कसायचा असं मी आपण होऊन सांगितलं, आणि तेव्हा माझ्या तोंडून 'स्वखुशीने' सहज निघालं. त्यानंतरच्या आखाजीला तो स्वतः वापी स्टेशनला मला घ्यायला आला. गाडीत आम्ही पावसापाण्याचं बोललो, जमिनीचं नाही.

त्या मुक्कामात आईने नवा उतारा ट्रंकेतून काढला आणि म्हणाली, "मना नाव कोठे शे, दाखाड." तिला वाचता येत नाही. मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. तिने वाकून, डोळे बारीक करून पाहिलं.

"इतलं बारीक लिखतस?" ती म्हणाली.

परत आल्यावर हे मी सरांना सांगितलं, हसत हसतच. ते हसले नाहीत. तेव्हा प्रिंटरमधून नुकतंच एक प्रतिज्ञापत्र निघालं होतं, नरोलीच्या एका आजीबाईचं. त्यांनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

"हिचं नाव मोठं कर."

"किती मोठं, सर?"

"जिला वाचता येत नाही, तिला बोटाने सापडेल एवढं."